रंगकामाची परीक्षा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘माझा स्मरणीय विद्यार्थी’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा अनेक चेहरे डोळ्यांसमोर उभे राहिले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज शासकीय सेवेत, रुग्णालयांत, न्यायालयांत आणि महाविद्यालयांत सन्मानाने काम करीत आहेत. त्यांच्याविषयी या अंकात इतर सहकारी लिहितील आणि ते उचितच आहे. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे, त्याचे नाव शाळेच्या गुणवत्ता फलकावर नाही. तो मोटारींना रंग देणारा कारागीर आहे. नाव छापू नये अशी त्याचीच इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. शिवाय हा लेख जितका त्याच्याविषयी आहे, तितकाच माझ्या मोटारीच्या मागच्या डाव्या दाराविषयी आहे. पुराव्याची परीक्षा कशी करावी, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. माझी परीक्षा मात्र त्या दाराने घेतली.

आमच्या घरातली ती पहिली मोटार. चंदेरी रंगाची, जुनीच विकत घेतलेली, पण घरच्यांच्या लेखी नवी कोरी. उसाच्या गाळप हंगामात विजापूर रस्त्यावर उसाने भरलेल्या एका ट्रॉलीचा लोखंडी कोपरा तिला घासून गेला. कोणाला इजा झाली नाही. मात्र मागचे डावे दार चेपले आणि त्याच्यामागचा, चाकावरचा पत्राही खरवडला गेला. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. चार दिवसांनी संध्याकाळी सातच्या सुमारास न्यायला बोलावले. गेलो तेव्हा गाडी नुकतीच धुऊन ट्यूबलाइटखाली उभी केलेली होती. पत्र्यावर पाण्याचे थेंब होते आणि रंग आरशासारखा चमकत होता. मी गाडीभोवती एक फेरी मारली, समाधानाने मान हलवली, पैसे दिले आणि गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने गाडी पाहून विचारले, “दाराचा रंग वेगळा दिसतो का हो?” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “साधी साडी घ्यायची तरी आम्ही दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघतो. तुम्ही एवढी गाडी रात्री बघून आणलीत!” मी विषय बदलला. शाळेत पोहोचलो तेव्हा बुद्धवंदना आटोपून मुले ओळीने वर्गांकडे निघाली होती. सहावीतली एक मुलगी गाडीजवळ थबकली आणि निरागसपणे म्हणाली, “सर, गाडीला ठिगळ लावलंय का?”

ते ठिगळच होते. सकाळच्या उन्हात सारी गाडी चंदेरी आणि दार तेवढे करडे दिसत होते. खिडकीच्या रबरी पट्टीवर रंगाचा बारीक धुरळा बसला होता. पुढे पावसाळा आला आणि गेला. ऑक्टोबरपर्यंत दाराच्या खालच्या कडेला तीन-चार फोड आले. एक फोड नखाने टोकरला, तर आतून तांबूस भुकटी गळाली. वर चकाकी, खाली गंज!

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला तो शाळेत आला होता. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले होते. पुण्याला एका उस्तादाच्या हाताखाली डेंटिंग-पेंटिंगचे काम शिकून तो सोलापूरला परतला होता आणि शहराच्या कडेला महामार्गालगत त्याने स्वतःचे शेड टाकले होते, एवढे मला ऐकून माहीत होते. “जय भीम, सर,” म्हणून तो भेटला. बोलता बोलता त्याची नजर माझ्या खांद्यावरून गाडीकडे गेली. तो दारापाशी जाऊन उकिडवा बसला. समोरून पाहण्याऐवजी त्याने गाल जवळजवळ पत्र्याला टेकवला आणि दाराच्या लांबीवरून नजर सरकवली. मग उठून म्हणाला, “सर, प्रयोगशाळेतलं लोहचुंबक मिळेल का?”

विज्ञानाच्या सरांकडून पट्टीचुंबक आणले. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्याने ते रुमालात गुंडाळले. आधी पुढच्या दाराला लावले. ते घट्ट चिकटले. मग मागच्या दारावर सरकवत नेले. वरच्या भागात चिकटले. मधोमध आले तसे पकड सुटली आणि चुंबक त्याच्या तळहातात पडले. “इथं पत्रा चेपलेलाच हाय सर. सरळ केलेला नाही. खड्ड्यात लांबी भरून वरून रंग मारलाय.” कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे मिलिमीटरचा फार तर सातवा हिस्सा, तेवढ्या जाडीतून चुंबक पत्रा सहज पकडते. लांबी हा गुन्हा नव्हे. पत्रा ठोकून सरळ केल्यावर उरलेली बारीक उंचसखलता भरण्यासाठीच ती असते. पण दोन-तीन मिलिमीटरच्या वर तिचा थर गेला की ती दुरुस्ती राहत नाही, झाकपाक होते. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र चुंबकाचा उपयोग नाही, हेही त्याने आवर्जून सांगितले.

मग त्याने मला दाराच्या अगदी खालच्या कडेला बोट फिरवायला लावले. मोटारीच्या दारात खिडकीच्या काचेवरून पाणी उतरते. ते निघून जावे म्हणून तळाशी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. माझ्या दाराची ती छिद्रे लांबी आणि रंगाने बुजली होती. पावसाचे पाणी आत साचले, लांबीने ओल धरली आणि नीट साफ न केलेला, प्रायमर न लावलेला पत्रा आतून गंजला. बाहेरचे फोड हे त्याचे शेवटचे लक्षण होते.

एम. ए.च्या वर्गात आम्हाला साधनांचे बाह्य परीक्षण आणि अंतर्गत परीक्षण शिकवले होते. कागद कोणत्या काळाचा, शाई कोणती, हात कोणाचा हे आधी पाहायचे. मग मजकूर खरा की रचलेला हे तपासायचे. चकचकीत प्रशस्तीवर विश्वास ठेवू नये, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले असेन. आणि मी स्वतः ट्यूबलाइटखाली, ओल्या पत्र्यावरची चकाकी पाहून पैसे मोजले होते. ओला पत्रा दोष लपवतो, हे मला त्या दिवशी कळले.

त्याच क्षणी दुसरी एक आठवण जागी झाली आणि ती अधिक बोचणारी होती. हा मुलगा आठवीत असताना इतिहासाच्या वहीतले नकाशे विलक्षण रंगवायचा. सम्राट अशोकाच्या साम्राज्याचा त्याचा नकाशा मला अजून दिसतो. सीमेजवळ गडद असलेला रंग आत येता येता असा फिका होत जाई, की कुठे बदलला ते सांगता येऊ नये. घटक चाचणीत त्याला सनावळ्या आल्या नाहीत, तेव्हा मी ती वही वर्गासमोर उंच धरून म्हणालो होतो, “नकाशे रंगवून पोट भरणार आहेस का? रंगारी व्हायचंय का तुला?” सारा वर्ग हसला होता. मीही हसलो असेन.

गाडी मी त्याच्याकडे दिली. रविवारी त्याच्या शेडवर जाऊन बसत असे. विद्यार्थ्याच्या वर्गात शिक्षकाने बसावे तसा. त्याने जुनी लांबी काढून नितळ पत्र्यापर्यंत घासत नेले. दार आतून उघडून, मागून टेकू देऊन पत्रा हातोडीने थोडा थोडा ठोकत जागेवर आणला. गंज पूर्ण निघाल्यावरच प्रायमर दिला. लांबीचा पातळ हात दिल्यावर त्यावर काळ्या रंगाची नुसती धूळ उडवली आणि ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासू लागला. जिथे काळे राहील तिथे खड्डा, जिथे लगेच निघेल तिथे उंचवटा. “डोळा फसतो सर, पण हे फसत नाही,” तो म्हणाला. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र तो मोबाइलवर काढून ठेवत होता. विचारले तर म्हणाला, “रंग चढल्यावर खालचं कोण दाखवणार? गिऱ्हाइकाला पुरावा पाहिजे की.” समकालीन पुराव्याचे महत्त्व याहून थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आले नव्हते.

रंगाची छटा जुळवताना तर त्याने माझा मोठा गैरसमज दूर केला. गाडीच्या पट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो; तो दिला की रंग तंतोतंत मिळतो, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात सोलापूरच्या उन्हात सहा-सात वर्षे तापलेल्या गाडीचा रंग मूळ क्रमांकापासून थोडा दूर गेलेला असतो. कारखान्यात मोकळ्या सांगाड्यावरचा रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहून अधिक तापमानाला भाजतात. तयार गाडीत रबर, प्लास्टिक, तारा, काचा असल्यामुळे गॅरेजमध्ये ६० अंशांच्या आसपासच थांबावे लागते, म्हणून तिथले रंग वेगळ्या जातीचे असतात. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारा जवळून किंवा लांबून मारला, ओला किंवा सुका मारला, की ते कण वेगळे बसतात. तोच रंग समोरून उजळ आणि तिरक्या कोनातून काळसर दिसू लागतो. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात जुळतीलच असेही नाही. म्हणून तो आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंग मारून तो सावलीत, उन्हात, सरळ आणि तिरका धरून गाडीशी ताडून पाहत होता. चार पुठ्ठे बाद झाले, पाचवा पसंत पडला. आणि एवढे करूनही त्याने नवा रंग दाराच्या कडेला तोडला नाही. शेजारच्या पुढच्या दारावर तो विरळ करत नेला आणि वरचा पारदर्शक थर मात्र पुढच्या दाराच्या पूर्ण पत्र्यावर दिला, कारण तो थर पत्र्याच्या मध्येच संपवला तर काही काळाने त्याची कड उकलते. सीमेजवळ गडद, आत येता येता फिका. मी अशोकाचा नकाशा पाहत होतो!

फवारा हाती घेण्यापूर्वी त्याने गाळणी बसवलेला पूर्ण मुखवटा चढवला आणि मला शेडबाहेर बसवले. वरच्या थरात मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. ती श्वासावाटे गेली की दम्यासारखा विकार जडू शकतो आणि तो सहसा पुरता सुटत नाही. त्याचे उस्ताद आयुष्यभर तोंडाला ओला रुमाल बांधून रंग मारत राहिले. त्यांच्या खोकल्याविषयी तो फार बोलला नाही. एवढेच म्हणाला, “रंग कसा झालाय ते बघणाऱ्यानं रंगवणाऱ्याच्या तोंडावर काय होतं, तेही बघावं.” १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे मी वर्गात शिकवतो; कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न एखाद्या रंगाच्या शेडमध्ये कसा दिसतो, हे तेव्हा पाहिले.

काम पूर्ण झाल्यावर त्याने निरोप धाडला, “सर, सकाळी नऊ-साडेनऊला या. संध्याकाळी नको, भर दुपारी पण नको.” गेलो. गाडी मोकळ्या अंगणात, कोरडी उभी होती. पाहताक्षणी मन भरून आले. आपला विद्यार्थी, आपल्याच शाळेतला! मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, “उत्तम! शंभरपैकी शंभर!”

तो हसला नाही. म्हणाला, “सर, वही न उघडताच मार्क दिले की.”

त्या वाक्यासरशी मला चाळीसगावचा प्रसंग आठवला. तो बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये सांगितला आहे. १९२९ साली ते अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीच्या कामानिमित्त फिरत असताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्य प्रवाशाला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. बाबासाहेबांनी पायी जाणे वस्तीतल्या लोकांना त्यांच्या प्रतिष्ठेला शोभेसे वाटेना. म्हणून टांगा भाड्याने घेऊन तो वस्तीतल्याच एका माणसाने हाकला. त्याला त्या कामाचा सराव नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांच्या पायाला मोठी दुखापत झाली. या प्रसंगातली टांगेवाल्यांची वृत्ती आपण नेहमी सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच प्रसंगाची दुसरी बाजू बाबासाहेबांनी लपवली नाही: त्यांचा मान राखण्याच्या भरात लोकांना सुरक्षिततेचा विचार सुचला नाही. माया होती, आदर होता; हाताला सराव नव्हता. माया ही कौशल्याची जागा घेऊ शकत नाही. वही न उघडता दिलेले माझे शंभर गुण म्हणजे असाच एक टांगा होता.

मी चष्मा पुसला आणि परीक्षेला बसलो. रोज सकाळी धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. आचार्य शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रहा’तही सोन्याचा दृष्टान्त आहे: सोने जसे तापवून, कापून, घासून पारखतात, तसे बुद्धवचनही केवळ आदरापोटी न स्वीकारता पारखून घ्यावे. जिथे बुद्धवचनालाही परीक्षेतून सूट नाही, तिथे माझ्या विद्यार्थ्याच्या रंगकामाला ती का असावी?

त्याने शिकवलेल्या रीतीने मी एकेक गोष्ट पाहत गेलो. प्रथम दहा पावलांवरून, मग जवळून. समोरून, मग दोन्ही बाजूंनी तिरके. दाराची छटा कोठेही वेगळी पडत नव्हती. मग अंगणातल्या विजेच्या तारेचे प्रतिबिंब पुढच्या दारावरून मागच्या दारावर जाताना पाहिले. तार सरळ गेली. खाली लांबीच्या लाटा असत्या तर ती वेडीवाकडी झाली असती. मग रंगाचा पोत पाहिला. कारखान्याच्या रंगावरही संत्र्याच्या सालीसारखी अगदी बारीक खरखर असते. दुरुस्त केलेला भाग शेजारच्या पत्र्यासारखाच दिसला पाहिजे, त्याहून गुळगुळीत असला तरी तो चुगली करतो. मग दारांमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहिले. रबरी पट्ट्या, काच, मागचा दिवा, टायर यांवर धुरळा नव्हता. दार उघडून आतल्या कडेवरून नख फिरवले. चिकटपट्टीची धार लागली नाही. खाली वाकून छिद्रे पाहिली. ती मोकळी होती. चुंबक मी घरूनच नेले होते. ते मधोमधही टिकले.

आणि मग दाराच्या खालच्या वळणावर, जिथे सहसा कोणी पाहत नाही, तिथे माझ्या बोटाला काहीतरी लागले. वाकून पाहिले. वरच्या पारदर्शक थराचा मसुराच्या दाण्याएवढा ओघळ तिथे गोठला होता.

मी घुटमळलो. एवढेसे ते! रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला ते आयुष्यात दिसले नसते. त्याने आठ दिवस राबून काढलेले काम. त्यात खोट काढणे माझ्या जिवावर आले. एकदा ज्या मुलाला मी भर वर्गात हिणवले, त्याला पुन्हा उणे दाखवायचे? पण न सांगणे म्हणजे पुन्हा वही न उघडणेच होते. मी म्हणालो, “अरे, इथे ओघळ आहे.”

तो गुडघ्यावर बसला. अंगठ्याने जागा चाचपली. त्याचा चेहरा क्षणभर उतरला; त्याला तो खरोखरच दिसला नव्हता. मग म्हणाला, “बरोबर हाय सर. माझ्या नजरेतून सुटलं. आता घासता येणार नाही, रंग पुरता वाळू दे. परवा न्या गाडी.” त्याने ती दोन दिवस ठेवून घेतली, ओघळ बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासला, पॉलिश केला. तिसऱ्या दिवशी मला ती जागा शोधूनही सापडेना. तेव्हा मी त्याला गुण दिले, आणि या वेळी त्याने ते घेतले.

पैशांचा विषय निघाला तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “सर, तुमच्याकडून कसे घेऊ? गुरुदक्षिणा समजा.” मी त्याला सांगितले, की गुरुदक्षिणेची गोष्ट आपल्याला एकलव्यापासून ठाऊक आहे. ज्या अंगठ्याने तू आत्ता पत्र्यावरचा ओघळ चाचपलास, तोच त्या गोष्टीत कापून मागितला होता. आपल्या शाळेत ती परंपरा नाही. कामाचा दाम घे आणि पक्के बिल दे. त्याने बिल दिले. त्यात कोणत्या पत्र्यावर काय केले, कोणता रंग, किती हात, हे सारे लिहिलेले होते. महिनाभर मेण-पॉलिश लावू नका आणि पावसाळ्यानंतर गाडी दाखवून जा, कारण खालचे थर आकसले तर घासल्याच्या रेषा काही आठवड्यांनी वर येतात, अशी सूचनाही खाली होती.

निघताना मी धीर करून त्या नकाशाचा विषय काढला. म्हणालो, “वर्गात मी तुला रंगारी म्हणालो होतो. माझे चुकले.” तो थोडा वेळ गप्प राहिला. “विसरलो नाही सर. पण रंगारी म्हणालात त्याचं वाईट नव्हतं वाटलं. वर्ग हसला, त्याचं वाटलं.”

मी अनेक दिवस त्या उत्तराचा विचार करीत होतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने लावावा लागे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कापड कसे विणले गेले हे कोणी पाहतच नव्हते, विणणारा कोण एवढेच पाहत होते. काम न पाहता हात पाहून निवाडा करण्याची ही रीत आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. आणि मी, तो इतिहास शिकवणारा शिक्षक, एका मुलाच्या हातातले कौशल्य न पाहता त्या कामाच्या नावावर वर्गाला हसवत होतो. पुढे मायेपोटी न पाहता शंभर गुण दिले, तीही त्याच चुकीची दुसरी बाजू होती. तिरस्कारातही काम पाहिले जात नाही आणि लाडातही नाही.

याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. श्रमाचे गोडवे गाऊन आपल्या मुलांना पुस्तकांपासून दूर ठेवणाऱ्यांचा डाव आपण ओळखतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते मुलांनी जन्माने वाट्याला आलेल्या कामात अडकून पडू नये म्हणूनच. आपली निवासी शाळाही त्याच वाटेवर उभी आहे. या विद्यार्थ्याला त्याचे काम जातीने दिलेले नाही. त्याच्या घरात कोणी रंगकाम करीत नव्हते. ते त्याने निवडले, शिकले आणि पुराव्यासह करून दाखवले. निवडण्याचे हे स्वातंत्र्य आणि निवडलेले काम चोख करण्याची शिस्त, दोन्ही शाळेने द्यायची असतात. पहिले देण्याचा आम्ही प्रयत्न करतो. दुसऱ्याच्या बाबतीत मी उणा पडलो, हे या स्मरणिकेत नोंदवून ठेवतो.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. दाराला फोड नाही, छटेत फरक नाही. ज्या मुलीने ठिगळ ओळखले होते ती आता वरच्या वर्गात आहे; तिला मुद्दाम गाडी दाखवली, तर तिने दोन फेऱ्या मारल्या आणि “कळत नाही सर,” म्हणाली. माझ्या दृष्टीने ते सर्वांत विश्वसनीय प्रमाणपत्र आहे. वर्गात मी आता वह्या तपासताना नुसते ‘छान’ लिहीत नाही. काय छान आणि काय राहिले, ते लिहितो. नकाशा चांगला रंगवला असेल तर त्याचीही नोंद करतो.

यंदा आपल्या शाळेच्या बसला रंग द्यायचा आहे. त्यासाठी तिघांकडून दरपत्रके मागवली आहेत. त्यांत एक त्याचे आहे. काम कोणाला मिळेल ते समिती ठरवील. ते त्याला मिळाले, तर माजी विद्यार्थी म्हणून त्याला कोणतीही सवलत मिळणार नाही, हे मी त्याला कळवले आहे. त्याचे उत्तर आले, “तेच पाहिजे सर.” तपासणी सकाळी नऊ वाजता, मोकळ्या मैदानात, कोरड्या बसवर होईल. ज्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना यायचे असेल त्यांनी अवश्य यावे. चुंबक प्रयोगशाळेतून मिळेल.

जय भीम!